नवलाची हाक

मराठी माणूस चकित झाला की आधी कुणाला तरी हाक मारतो. 'अगबाई' म्हणताना बाईला, 'अरेच्चा' म्हणताना गड्याला, 'आई गं' म्हणताना आईला, 'बापरे' म्हणताना बापाला. आणि यांपैकी कुणीच पुरेनासे झाले की 'अरे देवा' म्हणत थेट देवाला. समोर माणूस असो वा नुसती भिंत, हाक जातेच. पुढच्या पानांत नवलाचे जे उद्गार एकत्र केले आहेत, त्यांतले बरेचसे आता जुन्या वळणाचे वाटतात. आजी, मावशी, नाटकातली काकू यांच्या तोंडी ते शोभतात असे तरुण मुले म्हणतात. ते घडले कसे, माणसे ते कुठे आणि कसे वापरत आली आणि आता ते मागे का पडताहेत, हे सांगायचे तर या हाकेपासूनच सुरुवात करावी लागते.

शाळेच्या व्याकरणात शब्दांच्या आठ जातींपैकी शेवटची जात येते केवलप्रयोगी अव्ययांची. तिथे एक तक्ता असतो. आश्चर्यदर्शक : अबब, ओहो, बापरे, अरेच्या, अगबाई. त्याच्याच खाली कुठेतरी संबोधनदर्शक : अरे, अहो, अगं. मुले दोन्ही ओळी पाठ करतात, परीक्षेत जोड्या लावतात आणि विसरून जातात. पण हे दोन रकाने शेजारी ठेवून पाहिले तर पहिल्यातले निम्मे शब्द दुसऱ्यातल्या शब्दांनीच बनले आहेत हे लगेच दिसते. 'अगबाई'त 'अगं' आहे, 'अरेच्चा'त 'अरे' आहे, 'बापरे'त 'रे' आहे. केवलप्रयोगी अव्ययाचा वाक्यातल्या इतर शब्दांशी संबंध नसतो, असे व्याकरण सांगते. वाक्यापुरते ते बरोबरच आहे. पण ऐकणाऱ्याशी त्याचा संबंध असतो, आणि माझ्या मते या उद्गारांचा सगळा जीव त्या संबंधातच आहे.

हे उद्गार ऐकले, टिपले, पुन्हा पुन्हा विचारून घेतले ते गोरेगावच्या आरे कॉलनीत. ही जागा का, ते सांगायला हवे. १९४९ साली मुंबई शहरातले म्हशींचे तबेले एका ठिकाणी हलवावेत म्हणून ही वसाहत उभी राहिली. तिच्यामागे दारा खुरोडी हे कर्तबगार दुग्धतज्ज्ञ होते; पुढे १९६३ साली त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासोबत रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९५१ साली पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते वसाहतीचे उद्घाटन झाले. जवळपास १,२८७ हेक्टर जमीन, सोळा हजारांच्या आसपास म्हशी, ओळीने बांधलेले तबेले. त्यांना इथले लोक आजही 'युनिट' म्हणतात आणि पत्ताही युनिटच्या नंबरावरूनच सांगतात. पण वसाहत येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे होते आणि ते आजही आहेत. केलटीपाडा, खांबाचा पाडा, प्रजापूर पाडा, मरोशी पाडा अशी त्यांची सत्तावीस नावे सांगितली जातात. दुग्धविकास खात्याच्या नोकरीत कोकणातून, देशावरून, खान्देश-विदर्भातून माणसे आली आणि क्वार्टर्समध्ये राहिली. तबेल्यांवर उत्तर प्रदेशातले भय्ये आले. मरोळ-कोंडिविट्याच्या बाजूला ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे, त्यांची मराठी वेगळ्याच सुरातली. १९७७ साली शेजारी चित्रनगरी झाली आणि तिथे काम करणारे रंगभूषाकार, लाइटवाले, ज्युनियर आर्टिस्ट या रस्त्याने येऊ-जाऊ लागले. महाराष्ट्रभर हिंडून जे ऐकायला मिळावे ते इथे एका बसथांब्यावर ऐकू येते.

मालवणी माणूस आवशीच्या घोवाला हाक मारतो, म्हणजे आईच्या नवऱ्याला, फिरून बापालाच. साताऱ्या-सांगलीकडची बाई 'आत्ता गं बया!' म्हणते आणि तो 'आत्ता' असा उच्चारते की ऐकणाऱ्याने हातातले काम सोडावे. खान्देशातून आलेली 'ओ माय वं' म्हणते. नागपूरकडचा 'बाप्पा!' एवढ्यावर थांबतो आणि त्यात त्याचे ऊन, महागाई, पाहुण्यांची संख्या, सगळे येते. गोव्याच्या ख्रिस्ती घरातून लग्न होऊन आलेली बाई 'सायबा भोगोस' म्हणते, म्हणजे देवा, क्षमा कर. तबेल्यातला भय्या 'अरे बाप रे बाप' म्हणतो तेव्हा मराठी शेजाऱ्याला ते भाषांतराशिवाय कळते. या सगळ्यांत एक समान धागा आहे. दचकलेला माणूस नात्यातले किंवा नात्यासारखे कुणीतरी हाकेला शोधतो.

आता एकेका उद्गाराकडे जरा थांबून पाहू.

'अगबाई' हा या संग्रहाचा गाभा आहे. 'अगं' ही एक हाक आणि 'बाई' ही दुसरी, म्हणजे ही दुहेरी हाक झाली. आरेतल्या एका बसथांब्यावर दोन निवृत्त बायांची भेट होताना मी पाहिली. एक बसमधून उतरत होती, दुसरी चढायच्या तयारीत होती. चढणारीने दांडीला धरलेला हात सोडला, उजव्या हाताची बोटे उघड्या तोंडावर धरली आणि म्हणाली, 'अग्गंबाई! तू?' उतरणारीने उत्तरादाखल पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, 'अगं मीच की.' बस निघून गेली, दोघींपैकी कुणालाही त्याचे काही वाटले नाही. 'अगबाई'चा खरा उपयोग हा आहे. नवल वाटले एवढे सांगून तो थांबत नाही, तो समोरचीला थांबवतो आणि 'अगं' हे उत्तर मागतो.

पण हीच बाई घरी एकटी असताना दूध उतू गेले तरी 'अगबाई' म्हणते. तिथे कोणती बाई असते? मला वाटते, जिला हे नंतर सांगायचे आहे ती. मराठी बायकांच्या बोलण्यात ही ऐकणारी सखी फार जुनी आहे. जात्यावर दोघीजणी समोरासमोर बसत, खुंटा दोघींच्या हातात असे, आणि ओवीत 'बाई', 'सई', 'गं' ही संबोधने ओळीओळीला येत. हेमा रायरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना हे संबोधन किती खोलवर मुरले आहे ते पानोपानी जाणवते. जाते गेले, समोरची जोडीदारीण गेली, तरी 'बाई' ही हाक तोंडात राहिली.

याच उद्गारात एक ध्वनीची खूण आहे, ती पुढे सगळीकडे दिसेल. शांतपणे म्हटले तर 'अगबाई', जरा नवल वाटले की 'अग्गंबाई', आणि फारच वाटले की 'अग्गोबाई'. ग वर जोर येतो आणि तो दुप्पट होतो. 'अरेच्चा'त च दुप्पट, 'अय्या'त य, 'इश्श'त श, 'बाप्पा'त प, 'आई शप्पथ'मध्येही प. मराठीत भावना दाटली की व्यंजन दाटते. एवढा मोठा आंबा पाहिला की तो 'एवढ्ढा' होतो, माणूस एकटा पडला की 'एक्कटा' होतो. हा नियम मुलाला कुणी शिकवत नाही, तरी तीन वर्षांचे पोर तो अचूक पाळते.

'अगबाई' पुरुषाने म्हणायचे नाही, हा अलिखित दंडक. म्हटले तर नक्कल ठरते. पुरुषाच्या वाट्याला आला 'अरेच्चा'. केदार शिंदे यांच्या २००४ सालच्या चित्रपटाचे नाव या वाटणीवरच उभे आहे : 'अगबाई अरेच्चा!' संजय नार्वेकरने रंगवलेल्या त्यातल्या नायकाला अचानक बायकांच्या मनातले ऐकू येऊ लागते. बाईचा उद्गार आणि पुरुषाचा उद्गार शेजारी ठेवून कथेचे सूत्र नावातच सांगून टाकले आहे. मराठी चित्रपटांच्या नावांत इतके नेमके नाव मला दुसरे आठवत नाही. २०१९ मध्ये झी मराठीवर 'अग्गंबाई सासूबाई' ही मालिका आली, तेव्हा ज्यांच्या घरात हा उद्गार ऐकू येईनासा झाला होता त्या घरांतही तो रोज रात्री परत आला.

'अरेच्चा' कुठून आला याबद्दल मात्र सभ्य पुस्तके गप्प राहतात, म्हणून इथे थोडे स्पष्ट लिहितो. शब्द म्हणून पाहा. 'अरेच्चा'तला च हा 'चाक'मधला नाही, 'चहा'मधला आहे. 'अरेच्या' असेही तो लिहिला जातो. हा 'च्या' म्हणजे षष्ठीचा प्रत्यय आहे आणि तो अधांतरी लटकतो आहे. 'च्या' म्हटल्यावर पुढे काहीतरी यायला हवे. कुणाच्या? कशाला? पुढचा शब्द गिळला गेला आहे. 'च्यायला', 'आयला', 'च्यामारी', 'तिच्या मारी' हे त्याच घरातले भाऊ शेजारी उभे केले की गिळलेला शब्द कोणता हे सांगावे लागत नाही. आईचा उल्लेख करून द्यायची शिवी ओठांवर आली आणि तिथेच आवरली. जेवढे तोंडातून निसटले तेवढे उरले. 'अरेच्चा' हे त्यातले सगळ्यात धुऊन-पुसून घेतलेले रूप. इतके, की ते पाठ्यपुस्तकात बसले, लहान मुलांच्या गोष्टीतल्या सशाने म्हटले, आणि कुणालाही खटकले नाही. त्याचे मूळ हेच आहे अशी माझी धारणा आहे.

इंग्रजीतही असेच झाले आहे. शेक्सपिअरच्या काळचा 'झाउंड्स' हा उद्गार म्हणजे देवाच्या जखमांची शपथ, आवळून एका शब्दात बसवलेली. 'क्रायकी'मागे ख्रिस्ताचे नाव दडले आहे. तिथे लोक देवाचे नाव उच्चारायला बिचकत होते म्हणून त्यांनी देवाचे नाव मोडले. आपण देवाचे नाव तर खुशाल घेतो, 'अरे देवा', 'राम राम', 'शिव शिव', दिवसातून कितीही वेळा. आपण बिचकतो ते आईच्या उल्लेखाला. त्यामुळे मराठीत तोडमोड झाली ती आईच्या शब्दाची. कोणती गोष्ट एखाद्या समाजाला उच्चारवत नाही, ते त्याच्या मोडक्या उद्गारांवरून कळते. मराठीची ही बाजू मला अभिमानाची वाटते.

वापराच्या दृष्टीने 'अरेच्चा' हा तसा छोट्या नवलाचा शब्द आहे. शोधत असलेला चष्मा डोक्यावरच सापडला, जो रविवार समजत होतो तो शनिवार निघाला, तिकिटासाठी खिशात हात घातला आणि पाकीट नाही. जगाने काही केलेले नसते. आपला हिशेब आणि वस्तुस्थिती यांचा मेळ बसत नाही एवढेच. भूकंपाला कुणी 'अरेच्चा' म्हणत नाही.

मोठेपणाला वेगळा शब्द आहे : 'अबब'. हा शब्द कुणालाही हाक मारत नाही, म्हणून तो माझ्या सूत्रात बसत नाही आणि म्हणूनच मी त्याच्याजवळ जास्त रेंगाळलो. 'अबब' हा आकड्यांचा, आकाराचा उद्गार आहे. वर्तमानपत्रांत मथळ्याच्या सुरुवातीला तो आला की पुढे कोटीतली रक्कम, फुटांतली उंची किंवा किलोतला भोपळा येणार हे वाचकाला ठाऊक असते. तोंड 'अ'ला उघडते आणि 'ब'ला मिटते, पुन्हा 'ब'ला मिटते. मोजायला शब्द सापडत नाही म्हणून ओठ जागच्या जागी आपटत राहतात.

आणि मोजण्याशी त्याचे नाते दिसते ते एका अनपेक्षित ठिकाणी. पाली परंपरेत फार मोठ्या संख्यांची नावे आहेत. कोटीपासून सुरू झालेली ती शिडी दर पायरीला कोटीपटीने वाढते, आणि त्या शिडीवर 'अब्बुद', 'निरब्बुद' यांच्यापुढे 'अहह' आणि 'अबब' येतात. 'अबब' म्हणजे एकावर सत्त्याहत्तर शून्ये. सुत्तनिपातातल्या कोकालिक सुत्तात हीच नावे नरकांची म्हणून येतात, जिथे राहण्याचा काळ मोजता मोजवत नाही. आरेच्या उत्तरेला जंगलात कान्हेरीची लेणी आहेत, दक्षिणेला कोंडिविट्याची म्हणजे महाकालीची. या दोन्ही ठिकाणी शेकडो वर्षे बौद्ध भिक्षू राहिले, पठण करीत राहिले. त्या पालीतून हा मराठी शब्द उतरला असे मी म्हणत नाही. संख्येपुढे माणसाची जीभ अडखळते तेव्हा ती दोन्हीकडे सारखीच अडखळली, एवढे मला पुरेसे आहे. पण ज्या टेकड्यांत 'अबब' ही एक संख्या होती, तिथेच आज शाळेतले पोर पहिल्यांदा तबेल्यातल्या म्हशींची रांग पाहून तोच शब्द उच्चारते, याचा मला अपार आनंद होतो.

'बापरे'कडे वळतो. यात नवलापेक्षा भीती जास्त. ज्ञानेश्वरीत, म्हणजे १२९० सालच्या मराठीत, 'बापा' हे लाडाचे आणि आदराचे संबोधन म्हणून वारंवार येते. अर्जुनाला समजावताना 'अगा' आणि 'बापा' हे शब्द ज्ञानेश्वरांच्या ओठांवर सहज असतात. म्हणजे 'बाप' ही हाक मराठीत निदान सात शतकांची आहे. भीतीच्या क्षणी ती का यावी, हे आरेत राहिले की उमजते.

आरेत बिबटे आहेत. शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून ये-जा करणारे आणि इथेच वाढलेले. पाड्यातले लोक त्याला बिबट्या म्हणत नाहीत, 'वाघ' म्हणतात, आणि देव म्हणून पुजतात तेव्हा 'वाघोबा'. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला नैवेद्य जातो. 'वाघोबा'तला 'बा' हा 'विठोबा', 'खंडोबा', 'नागोबा' यांच्यातलाच बा, म्हणजे बापच. ज्याची भीती त्यालाच बाप म्हणायचे आणि भीतीत हाकही बापालाच मारायची. या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत.

रात्री पाड्यात वाघ आला की काय होते, ते मी नीट पाहिले आहे. आधी कुत्र्यांचा आवाज बदलतो. नेहमीचे भुंकणे थांबते आणि दबके गुरगुरणे सुरू होते. मग कुणीतरी दाराबाहेर विजेरी मारतो आणि भिंतीवर दोन डोळे चमकतात. त्याच्या तोंडून पहिला शब्द 'वाघ' हा येत नाही. येतो 'अरेऽऽ'. लांबवलेला, चढत्या सुराचा. शेजारच्या घरातून लगेच 'काय रे?' आणि मग 'वाघ!' मग तिसरे घर, चौथे घर. भांडी वाजतात, दिवे लागतात, पोरांना आत ओढले जाते. 'काय रे' असे उत्तर येईपर्यंत त्या पहिल्या 'अरे'तला माणूस एकटा असतो. उत्तर आल्यावर तो एकटा राहत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आरेतल्या एका वयस्क बाईवर ओट्यावर बसलेली असताना बिबट्याने मागून झडप घातली, तिने हातातल्या काठीने त्याला परतवले, आणि ती सगळी झटापट सीसीटीव्हीत टिपली गेली. ते चित्रण देशभर पाहिले गेले. लोकांनी काठीचे कौतुक केले, ते योग्यच. मला मात्र तिच्या ओरडण्याने धावत आलेली माणसे महत्त्वाची वाटतात.

या 'अरे'ला 'का रे' हे उत्तर मराठीत इतके घट्ट जोडलेले आहे की त्याचा वाक्प्रचारच झाला : अरेला कारे. कुणी 'अरे' म्हणून डाफरले तर आपण 'का रे' म्हणून उभे राहायचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरेतली झाडे तोडायला सुरुवात झाली, ४ तारखेच्या रात्री बातमी पसरली आणि तरुण मुले अंधारात गेटांवर जमली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवायला सांगितले; तोवर दोन हजारांवर झाडे गेली होती. त्या दिवसांत 'आरेला कारे' हा मथळा छापून येत होता, आणि तो नुसता शब्दांचा खेळ नव्हता. जागेचे नाव आणि हाक एक झाली होती. तिला उत्तर द्यायला माणसे आली होती, त्यातली कित्येक आयुष्यात पहिल्यांदा आरेत पाऊल ठेवत होती.

'अरे'चा प्रवास मोठा आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य आपली पत्नी मैत्रेयी हिच्याशी बोलताना 'अरे' हे संबोधन वापरतो. म्हणजे तेव्हा ते बाईलाही चालत होते. मराठीने 'अरे' पुरुषाला आणि 'अगं' बाईला अशी वाटणी केली. याच्या उलटा प्रवास 'अहो'चा. संस्कृतात 'अहो' हा खास नवलाचा, कधी खेदाचा शब्द. मराठीत तो आदराची हाक झाला, आणि नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही असे बंधन असलेल्या पिढ्यान् पिढ्यांच्या बायकांसाठी तर 'अहो' हेच नवऱ्याचे नाव झाले. तिथे नवलाची हाक झाली, इथे हाकेचे नवल झाले. दोन्ही दिशांनी रहदारी आहे, म्हणून व्याकरणातल्या त्या दोन रकान्यांमधली रेघ मला पुसावीशी वाटते.

'अय्या'ला मी थोडक्यात आवरतो, कारण त्यावर मते फार आणि पुरावे थोडे. मुलींचा, शहरी, आनंदाकडे झुकणारा हा उद्गार. नवी साडी, अचानक आलेली मैत्रीण, जुळलेले लग्न यांना 'अय्या' शोभतो; अपघाताला नाही. कानडी-तमिळमधला 'अय्यो' त्याच्या जवळ ऐकू येतो, पण 'अय्यो'त कळवळा आहे आणि 'अय्या'त टाळी आहे. त्या 'अय्यो'ला ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने २०१६ साली जागा दिली. सचिन कुंडलकर यांनी २०१२ मध्ये काढलेल्या हिंदी चित्रपटाचे नावच 'अय्या' होते. राणी मुखर्जीने त्यात मराठी मुलगी साकारली होती. एका शब्दात मराठी मुलगी उभी करायची तर हाच शब्द निवडावा लागला, ही त्या शब्दाची ताकद आहे.

लेखनात हे उद्गार आले कसे, हाही प्रश्न आहे. मोडी दस्तऐवजांत विरामचिन्हे नव्हती, शब्दही एकमेकांना चिकटून. 'अगा', 'बापा', 'रे' हे शब्दच सुराचे काम करीत. एकोणिसाव्या शतकात छापखाने आले. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. त्या कामातले त्यांचे सहकारी मेजर थॉमस कँडी यांना मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय दिले जाते. त्या चिन्हांत उद्गारचिन्हही आले. एक उभी रेघ आणि खाली टिंब मिळाल्यावर लेखकांना हाकेची गरज कमी वाटू लागली असावी, असे जुने-नवे गद्य वाचताना माझ्या मनात येते. आता तर त्या चिन्हाचीही जागा फोनवरच्या पिवळ्या चेहऱ्यांनी घेतली आहे.

तेव्हा हे शब्द जुने का झाले? इंग्रजी आली म्हणून, असे उत्तर झटकन दिले जाते. ते मला अपुरे वाटते. 'ओ माय गॉड' म्हणणारी मुलगी 'बापरे'ही म्हणते, 'आई शप्पथ' तर म्हणतेच. मागे पडले ते 'अगबाई' आणि 'आत्ता गं बया', म्हणजे ज्यांना ऐकणारी शेजारीण लागते ते. चाळीच्या गॅलरीत, विहिरीवर, नळावर, क्वार्टर्सच्या समाईक ओट्यावर ती शेजारीण हाकेच्या अंतरावर असे. आरेतल्या जुन्या क्वार्टर्समध्ये ती अजून आहे आणि तिथे 'अगबाई' दिवसभर ऐकू येतो. रस्त्यापलीकडच्या उंच इमारतीत, जिथे दार बंद आणि लिफ्टमध्ये सगळे फोनकडे पाहतात, तिथे तो मला क्वचितच ऐकू आला. भाषा तीच, बायकाही पुष्कळदा त्याच. पाड्यातून, क्वार्टर्समधून तिथे कामाला जाणाऱ्या. कामाच्या घरात त्या 'अगबाई' म्हणत नाहीत, बसथांब्यावर परत आल्या की म्हणतात.

आता पुस्तकाच्या मांडणीविषयी. उद्गार वर्णानुक्रमे लावलेले नाहीत. हाक कुणाला जाते त्याप्रमाणे भाग केले आहेत : बाईला, गड्याला, आईला, बापाला, देवाला. कुणालाच हाक न मारणारे 'अबब', 'अहाहा', 'ओहो', 'अय्या', 'इश्श' शेवटच्या भागात आहेत. आवरलेल्या शिव्या घेतल्या आहेत, न आवरलेल्या गाळल्या आहेत. प्रत्येक उद्गारापुढे तो कुठल्या भागातल्या माणसाकडून ऐकला ते दिले आहे, माणसाचे नाव दिलेले नाही. 'अगबाई', 'अगं बाई', 'अग्गंबाई' ही तिन्ही रूपे ठेवली आहेत, कारण ती तीन वेगवेगळ्या तीव्रतेची आहेत. 'अरेच्या' आणि 'अरेच्चा' यांतले दुसरे निवडले आहे, कारण कानाला तेच ऐकू येते. जिथे स्वर लांबतो तिथे ऽ हे चिन्ह घातले आहे, आणि जिथे ते दोनदा आहे तिथे आवाजही तेवढा लांबवावा. हे शब्द डोळ्यांनी वाचून कळणार नाहीत, मोठ्याने म्हणून पाहावेत. 'अरेच्चा'चा शेवटचा आ आखूड तोडावा, 'अगबाई'ची ई समोरून उत्तर येईपर्यंत धरून ठेवावी.